विचारून फोटो काढण्याचा सराव

आमच्या सोसायटीतून कुणी युरोपच्या टूरला निघालं की त्यांना माझ्याकडे पाठवायची पद्धत पडली आहे. थर्मल कुठून घ्यायचे, थेपले किती दिवस टिकतात, हे सांगणारे वेगळे आहेत. माझ्याकडे खातं फोटोंचं. सेक्रेटरी सगळ्यांसमोर म्हणतात, "मॅडमना विचारा, त्यांना तिकडच्या पोलिसांचा अनुभव आहे," आणि मोठ्याने हसतात. मीही हसते. हसले नाही तर लोक जास्त चौकशी करतात.

मागच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं आलं होतं. पॅरिस आणि जिनिव्हा, आठवड्याची टूर. मी त्यांना बसवून नेहमीचं सांगितलं. तिकडे कॅमेरा वर करण्याआधी तोंडाने 'बोंजूर' म्हणायचं. भाजीवाल्याचा फोटो हवा असेल तर बोंजूर म्हणा, चार टोमॅटो घ्या, मग विचारा. रस्त्यावर कॉफी पीत बसलेल्या माणसावर लांबून झूम लावू नका. लहान मुलांचा तर नकोच, कितीही गोड दिसो. 'नों' ऐकू आलं की कॅमेरा खाली. खोडा म्हणाले तर त्यांच्यासमोर खोडा आणि हुज्जत घालू नका. आणि रात्री हॉटेलात बसून अनोळखी माणसांचे चेहरे स्टेटसला टाकू नका.

वहिनींचा चेहरा उतरला. "मग फोटो काढायचे कुणाचे?"

"एकमेकांचे काढा," मी म्हटलं.

"ह्यांचे? अहो, ते तर घरीपण मिळतात."

ते दोघं हसत गेले, आणि मी मात्र मनात यादी पुन्हा तपासायला लागले. काही सांगायचं राहिलं का? ट्रामचं सांगितलं, चर्चमधलं सांगितलं, शाळेच्या कुंपणाचं सांगितलं का? मी लिफ्टपर्यंत मागे धावले आणि शाळेच्या कुंपणाचं सांगून आले. काळजी हा माझा जुना धंदा आहे. नोकरीतून निवृत्त झाले, यातून नाही.

नोकरी बेलापूरच्या एका कार्यालयात केली. कागदांशी संबंध, माणसांशी कमी. लोकांशी आपणहून बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. रिक्षावाल्याला सुटे मागतानासुद्धा मी वाक्य मनात दोनदा म्हणून बघते. निवृत्त झाले तेव्हा मुलीने कॅमेरा घेऊन दिला, आणि मला पहिल्यांदा कळलं की मला माणसं फार आवडतात; फक्त ती माझ्याशी बोलायला लागली की आवडेनाशी होतात. कॅमेरा डोळ्याला लावला की पदराआडून बघितल्यासारखं मनसोक्त बघता येतं. सीवूड्सच्या स्टेशनाबाहेर, तुर्भ्याच्या ट्रकांच्या रांगेत, मार्केटमधल्या गोण्यांच्या थप्प्यांमागून मी भरपूर माणसं टिपली. कुणाला विचारलं नाही. आपल्याकडे कोण विचारतं? फार तर कुणी म्हणायचं, "आमचा पण काढा की!"

याच सवयीने मी जिनिव्हाला गेले. मुलगी आणि जावई तिथे नोकरीला आहेत. मुलगी कामावर गेली की आम्ही नवरा-बायको तळ्याकाठी फिरायचो. हे बाकावर बसून डुलक्या काढायचे, मी फोटो काढायची. एक दिवस एक चिमुरडी दिसली. लाल बूट, गालांना आइस्क्रीम, आणि हातातला कोन हंसाला दाखवून त्याला चिडवत होती. मी काढले फोटो, भरपूर काढले. तिचा बाप शेजारीच होता. तो माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला. मला वाटलं, कौतुकाने बोलतोय.

मग मी जे केलं ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. मी खाली वाकले, त्या पोरीच्या दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. दृष्ट लागू नये म्हणून. एवढं गोड पोर, फोटो काढला, दृष्ट नको काढायला?

त्या बापाने पोरीला मागे ओढलं. तो ओरडायला लागला. मी घाबरून पुन्हा हसले, कारण घाबरले की मला हसू येतं, आणि त्यामुळे तो आणखी भडकला. लोक थांबले. कुणीतरी फोन केला. दोन पोलीस आले, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही सभ्य. त्यांचं सभ्य बोलणं मला एक अक्षर कळत नव्हतं. आमचे हे बाकावरून उठून आले आणि मराठीत म्हणाले, "काय झालं काय?" तेव्हा मला रडू फुटलं.

मुलगी ऑफिसातून धावत आली. ती बराच वेळ फ्रेंचमध्ये माफी मागत होती. तिच्या आवाजात मी इतकी नरमाई कधी ऐकली नव्हती. घरी ती माझ्याशी अशी कधी बोलली नाही. बोटं कशी मोडतात तेही तिने त्यांना करून दाखवलं आणि का मोडतात ते सांगितलं. पोलीस मुलगी थोडी हसली. बाप हसला नाही. मी फोटो खोडले आणि प्रकरण तिथेच मिटलं. ट्राममध्ये मुलगी खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर चपला काढताना एवढंच म्हणाली, "आई, मला इथे राहायचंय गं."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. उरलेले दिवस मी कॅमेरा बॅगेतून काढला नाही.

या वर्षी तिला दिवस गेले. बाळंतपणाला मी जाणार हे उघडच होतं. कॅमेऱ्याचं मी मुद्दाम विचारलं नाही, आणि तिनेही बरेच दिवस विषय काढला नाही. शेवटी तिचाच व्हॉइस मेसेज आला. तिचे मेसेज मी स्वयंपाक करताना मोठ्याने लावते. म्हणाली, "आई, कॅमेरा आण. बाळाचे फोटो तूच काढायचेस. पण मला टेन्शन नको देऊस. आतापासून तिकडेच सराव कर. एकेका माणसाला विचारून काढ. नाही म्हणाले तर सोडून दे. आधी काढला असशील तर सांग, आणि नको म्हणाले तर त्यांच्यासमोर खोड. हे तुला जमलं तर इथे मी निश्चिंत."

हे म्हणाले, "म्हणजे आता तुला लोकांशी बोलावं लागणार." आणि पेपर तोंडासमोर धरून हसू लपवलं.

सराव सुरू झाला. तो कसला सराव, शिक्षाच होती. तुर्भ्याला एका ट्रक ड्रायव्हरला मी आधी मनात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "भाऊ, तुमचा एक फोटो काढू का?" तो स्टिअरिंगमागून खाली उतरला, माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "मॅडम, आरटीओसे हो क्या?" नाही म्हटलं तर विश्वास बसेना. मार्केटमध्ये एका माथाडी कामगाराला विचारलं. साताऱ्याकडचा असावा. त्याने पाठीवरची गोणी खाली ठेवली, खिशातून कंगवा काढला, केस बसवले आणि छाती काढून ताठ उभा राहिला. मला गोणी उचललेला माणूस हवा होता. मिळाला तो आधार केंद्रात उभा असलेला. सोसायटीच्या बागेत एका आजीला विचारलं तर म्हणाल्या, "थांब, दात लावून येते," आणि अंधार पडेपर्यंत आल्या नाहीत.

नाही म्हणणारेही होते. 'नाही' ऐकलं की मला अपराध्यासारखं वाटायचं. "सॉरी, सॉरी" म्हणत मी इतक्या घाईने मागे सरायची की एकदा नारळवाल्याच्या गाडीवर आपटले. रोज संध्याकाळी मुलीला कळवायचे: आज तिघांना विचारलं, एक हो, दोन नाही. ती अंगठा पाठवायची. तिच्या अंगठ्यावर माझी झोप अवलंबून होती.

कराव्याला मी गेले ती अशीच एका सकाळी. सीवूड्सच्या टॉवरांच्या मागे हे जुनं गाव आहे, खाडीच्या कडेला. आमच्या घरापासून चालत जाता येतं, पण सोसायटीतले बहुतेक जण मासळी घेण्यापुरतेच तिकडे जातात. त्या दिवशी ओहोटी होती, चिखलाचा वास होता, ओट्यावर सुकट पसरलेली होती. एका घराच्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. मांडीवर जाळं, पण ते विणत नव्हता, नुसतं धरून होता. अंगात बनियन, गळ्याची हाडं वर आलेली. जाळ्याचं एक टोक मांजराने पंजात धरलं होतं, तो हळूच ओढत होता, मांजर परत ओढत होतं, आणि तो हसत होता. दात नसलेलं, अगदी आतलं हसू.

मी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर मांजर पळालं असतं, म्हातारा सरळ बसला असता, हे मला इतक्या दिवसांत चांगलं कळलं होतं. बोट आपोआप दाबलं गेलं. एकदाच.

"काढलात? बगू." मागून त्याच्या बायकोने येऊन माझा दंड धरला. सत्तरीच्या, काष्ट्याचं लुगडं, हाताला मासळीचे खवले. मी स्क्रीन दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, मग कॅमेरा माझ्या हातातून ओढून आणखी जवळून पाहिलं. "आगं बाय," त्या म्हणाल्या, "किती चांगला आलाय!" आणि मला हाताला धरून घरात नेलं.

आत नेऊन आवाज खाली केला. नवऱ्याचा एकही फोटो घरात नाही म्हणाल्या. लग्नातला होता तो पुराच्या पाण्यात गेला. पोरांच्या लग्नात ते नेहमी मागे, कधी कुणाच्या खांद्यामागे, कधी मंडपाच्या खांबामागे. "आता डाक्टरनी घरी न्या सांगितलाय," त्या म्हणाल्या. "किती दिस ते देव जाने. माज्यासाटी मोटा करून द्या. पैसं घ्या."

त्या पुढचं बोलल्या नाहीत, बोलायची गरज नव्हती. तो फोटो भिंतीवर कुठे लागणार आणि त्याला काय घातलं जाणार, हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. आपल्याकडे म्हातारपणी एक चांगला फोटो काढून ठेवतात आणि तो कशासाठी हे कुणी बोलत नाही. माझ्या सासूबाईंचाही आम्ही असाच काढला होता, "नातीच्या लग्नासाठी हो" असं सांगून.

मी लगेच हो म्हणणार होते. मग मुलीचा आवाज डोक्यात वाजला. आधी काढला असशील तर सांग. मी न विचारता काढला होता. तो माणूस चार पावलांवर बसला होता, आणि आम्ही दोघी त्याच्या चेहऱ्याचा सौदा आत उभं राहून करत होतो.  मी बाहेर आले, त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि म्हटलं, "बाबा, मी तुमचा फोटो काढलाय. न विचारता काढला. राहू दे ना? मावशींना हवाय."

ते माझ्याकडे बघत होते. फोटो पाहिला. हसू गेलं. मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं, बराच वेळ, आणि तिच्याकडे बघतच म्हणाले, "नको."

"आवो, चांगला आलाय," मावशी म्हणाल्या.

"मना म्हाईत हाय कशाला पायजे. मी हाय अजून." मग मला म्हणाले, "पुसून टाक बाय."

मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. "पुसू नका. ते काय बी बोलतान. आजारी मानूस, त्यांचं काय आयकताव?" मी एकदा त्यांच्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघत होते.  एकाला राग आणायचा की दुसऱ्याला, एवढाच प्रश्न असता तर मी पळाले असते. पण कॅमेरा माझ्याच हातात होता. मी मनगट सोडवलं, कॅमेरा म्हाताऱ्यासमोर धरला, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाखवलं आणि बटण दाबलं. जाळं, मांजर, हसू गेलं. पडद्यावर त्याच्या आधीचा, ओट्यावरच्या सुकटीचा फोटो आला.

"हां," ते समाधानाने म्हणाले. "आता चाय पिऊन जा."

चहा त्यांच्या सुनेने आणला. मावशी बाहेर आल्या नाहीत.

घरी जाताना मात्र मी हवेत होते, खोटं कशाला सांगू. एवढं अवघड काम मी एकटीने केलं होतं. मुलीला सगळं सविस्तर सांगितलं. तिचा लगेच उलट मेसेज आला, आवाज भरून आलेला: "आई, ग्रेट. आता तुझी मला काहीच काळजी नाही." तो मेसेज मी ह्यांना ऐकवला, पुन्हा स्वतः ऐकला. जिनिव्हासाठी नवं मेमरी कार्ड आणलं, जुनं डबीत घालून कपाटात ठेवलं. व्हिसा आला. मेथीचे, डिंकाचे सगळे जिन्नस काढून निवडायला घेतले.

मग एक दिवस बोंबील घ्यायला कराव्याला गेले तर त्या पायरीवर कुणी नव्हतं. जाळं खुंटीला टांगलेलं होतं. सून ओटा धूत होती. तिने मला ओळखलं आणि आत बोलावलं. तेरावं होऊन गेलं होतं.

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर स्टुलावर फोटो होता, चंदनी हार घातलेला. तो आधार कार्डावरून मोठा केलेला होता. एवढासा चेहरा फुगवून केलेला. कडा धुरकट, कान बाहेर आलेले, डोळे फ्लॅशने चमकलेले, तोंड घट्ट मिटलेलं. कार्डाच्या प्रतीवर कुठल्याशा कचेरीने मारलेला शिक्का पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता. एका गालावर त्याची पुसट निळी रेघ राहिली होती. या माणसाला मी पाहिलं होतं, चांगलं समोर बसून पाहिलं होतं. हा तो नव्हता.

मी त्यांच्याजवळ बसले. "मावशी," एवढंच म्हटलं.

त्या वर न बघता म्हणाल्या, "तुमी इचारलात कशाला?"

रागाने नाही म्हणाल्या, खरंच विचारत होत्या. 

"काढलेला व्हता. मी बगितलेला. माज्या हातात व्हता." मग वर बघितलं. "आमची सून बोलते, मोबाइलमदला पुसलेला परत येतो. तुमचा येतो का?"

येतो. हे मला माहीत होतं. कार्डावर नंतर काही भरलं नसेल तर पुसलेलं बहुतेक वेळा परत मिळतं, तेवढं काम करणारी दुकानं बेलापुरात आहेत. आणि ते कार्ड मी त्या दिवसानंतर वापरलं नव्हतं. 'नाही येत' म्हणायला जीभ उचलली होती. तेवढं म्हटलं असतं तर सुटले असते. पण त्या इतक्या आशेने बघत होत्या की मला खोटं बोलवलं नाही.

"येईलही कदाचित," मी म्हटलं. "पण ते नको म्हणाले होते ना, मावशी."

"ते जेवाला पन नकोच बोलत," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी पेज पन नको, औषद पन नको, पानी पन नको. मंग काय, मी भरवला नाय? उपाशी ठेवला?"

सून दारात थांबून ऐकत होती. मी बोंबील न घेताच घरी आले.

चार दिवस मी धड जेवले नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू आधी मुकाट्याने काढायचीस तेच बरं होतं," आणि मग माझा चेहरा बघून म्हणाले, "दे ना काढून, म्हातारी बाई आहे." मुलीला फोन लावला. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला नियम असतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ती तरी ठामपणे हो किंवा नाही म्हणेल आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल.  ती म्हणाली, "मला नाही माहीत, आई."

तिला नाही माहीत, मला नाही माहीत, आणि ज्यांना विचारायचं ते गेलेले. मी कपाटातून डबी काढायची आणि परत ठेवायची. मनात यायचं, त्यांना मी शब्द दिला नव्हता, पण बटण तर त्यांच्यासमोर दाबलं होतं, आणि ते बघून माणूस निश्चिंत झाला होता, मला चहा पाजला होता. ते निश्चिंत होणं खोटं ठरवायचं? मग लगेच तो स्टुलावरचा फुगलेला चेहरा आठवायचा, गालावरची निळी रेघ, आणि त्याच्यासमोर दिवसभर बसलेली बाई. पन्नास एक वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या नवऱ्याचा चेहरा म्हणून तिला तेवढंच उरावं, हे मला सहन होईना. मी फार विचारी बाई आहे असं नाही. मला फक्त दोन्हीकडून भीती वाटत होती, आणि शेवटी एका बाजूची भीती थोडी जास्त झाली.

मी कार्ड बेलापूरच्या दुकानात नेलं. दुकानदाराने ते मशीनला लावलं आणि म्हणाला, "बसा, वेळ लागेल." मी स्टुलावर बसले. यावा म्हणून देवाला सांगू की येऊ नये म्हणून, तेच ठरेना, म्हणून नुसताच देवाचा धावा करत राहिले. पडद्यावर एकेक करून मी खोडलेली माणसं वर यायला लागली: नाही म्हणालेला चणेवाला, नाही म्हणालेली कॉलेजची मुलगी. माझ्या चोरट्या बोटाने सरावाच्या काळातही किती जणांचे फोटो आधी काढून मग विचारलं होतं, ते सगळे रांगेने. मी दुकानदाराला म्हटलं, "बाकीचे बंद करा हो." आणि मग पायरी आली, जाळं, मांजर, आणि ते हसू.

मी एकच प्रत काढून घेतली, पोस्टकार्डाएवढी. दुकानाच्या कॉम्प्युटरवरचं बाकी सगळं माझ्यासमोर खोडायला लावलं, आणि कार्डाचे कात्रीने दोन तुकडे केले. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

कराव्याला गेले तेव्हा स्टुलावरचा तो फोटो भिंतीवर लागला होता. मावशींनी मी नेलेला फोटो दोन्ही हातांत घेतला. पदराने त्याच्यावरून पुसलं, पुन्हा पुसलं. "हां," म्हणाल्या. "हे."  मांजर येऊन त्यांच्या मांडीला घासून गेलं तरी लक्ष नव्हतं.

सुनेने हात पुढे केला. "आई, द्या इकडं. वाशीला फ्रेम कराला टाकते. तो काढून ह्यो लावू."

"नाय," मावशी म्हणाल्या. "तोच राहू दे भितीला. ह्यो लावाचा नाय."

त्या भिंतीला धरून उठल्या, गोदरेजच्या कपाटाचं दार उघडलं, लुगड्यांच्या घड्या उचलल्या आणि अगदी खालच्या घडीखाली फोटो सरकवला. कपाट बंद केलं, किल्ली कमरेला खोचली. मग माझ्याकडे वळून, मी काही विचारलं नव्हतं तरी, म्हणाल्या, "लोकांना दाखवाला नको बोलले ते. मना नको नाय बोलले."

मी त्या दिवशी तिथेच होते, पायरीवर, बाबांच्या समोर. ते 'नको' त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नव्हतं, लोकांकडेही नाही. मावशींकडे बघून म्हटलं होतं. ते मला जितकं स्पष्ट आठवतं तितकं मावशींनाही आठवत असणार.

मी मान हलवली. म्हटलं, "हो, मावशी." सुनेने चहा आणला, आणि या वेळी त्या माझ्याबरोबर बसून प्यायल्या.